लेण्यांसमोर पस्तीस वर्षे : मेजर रॉबर्ट गिल यांची चित्रसाधना

बाभुळगावहून अजिंठ्यास जावयाचे म्हणजे आम्ही धामणगावला रेल्वे गाठतो. बडनेरा, अकोला, शेगाव अशी स्थानके मागे पडतात आणि भुसावळ येते. गाडी तेथे बराच वेळ थांबते. मुले खाली उतरून पाण्याच्या बाटल्या भरून घेतात. कोणाचेही लक्ष गावाकडे जात नाही, कारण सर्वांचे मन पुढच्या लेण्यांत गुंतलेले असते. परंतु याच भुसावळात, जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत, एका चित्रकाराची कबर आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरील बुद्धचरित्र आणि जातककथा कॅनव्हासवर उतरविण्यात त्याने आपल्या आयुष्याची जवळजवळ पस्तीस वर्षे घालविली. त्याचे नाव मेजर रॉबर्ट गिल. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्याच्या जीवनाची आणि त्याच्या चित्र काढण्याच्या रीतीची ओळख करून देत आहोत.

हा विषय निवडण्यास एक कारण आहे. आपल्या विद्यालयात वैशाख पौर्णिमा आणि चौदा एप्रिल जवळ आले की मुले रंगपेट्या काढून बसतात. भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची चित्रे काढण्यात त्यांना मोठा आनंद वाटतो. बहुतेक मुले दिनदर्शिकेवरील छापील चित्र घेतात, त्यावर पट्टीने चौकटी पाडतात आणि तेवढ्याच चौकटी मोठ्या कागदावर आखून चित्र वाढवितात. काही मुले ट्रेसिंग कागद ठेवून सरळ बाह्यरेषा गिरवून घेतात. या रीती आम्हीच शिकविल्या आहेत आणि त्यांत दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. चौकटींमुळे प्रमाण कळते, गिरविल्याने हात सरावतो. पण एकदा आम्ही सहावीच्या वर्गात दिनदर्शिका काढून घेतली आणि समोर फक्त विहारातील मूर्ती ठेवली, तेव्हा वर्गात शांतता पसरली. मुलांना चित्र काढता येत होते, पण पाहता येत नव्हते. त्या दिवशी आम्हांस गिल यांची प्रथम आठवण झाली.

रॉबर्ट गिल यांचा जन्म १८०४ साली लंडनमध्ये झाला. तरुणपणी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाले. चव्वेचाळिसाव्या मद्रास पलटणीत ते अधिकारी होते. फौजेत अनेकांना थोडेबहुत चित्र काढता येई, कारण नकाशे, किल्ले आणि मुलूख यांची रेखाटने करणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. परंतु गिल यांचा हात या कामचलाऊ रेखाटनांच्या पुढे गेलेला होता. त्यामुळेच १८४४ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांच्यावर एक असे काम सोपविण्यात आले ज्याने त्यांचे उरलेले सगळे आयुष्य व्यापून टाकले.

हे काम कसे निघाले ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. शतकानुशतके विस्मृतीत गेलेली अजिंठ्याची लेणी १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. तो वाघाच्या शिकारीसाठी त्या रानात आला होता. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली, तीही एका प्राचीन चित्रावर. या शोधाची अशी सुरुवात आहे, की शोधणाऱ्यानेच पहिला ओरखडा काढला. पुढे वास्तुशास्त्राचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी लेणी पाहिली. तेथील चित्रे ओल, धूर, वटवाघळे आणि माणसांचे हात यांमुळे झपाट्याने नष्ट होत आहेत हे त्यांनी ओळखले, आणि ती नाहीशी होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्याव्यात असा आग्रह लंडनमधील रॉयल एशियाटिक सोसायटीमार्फत कंपनीकडे धरला. त्यातून गिल यांची नेमणूक झाली. मूळ आकाराच्या, रंगांसह, शक्य तितक्या हुबेहूब नकला त्यांनी करावयाच्या होत्या.

गिल अजिंठा गावी आले. हा मुलूख तेव्हा हैदराबादच्या निजामाचा होता. गावातील जुन्या बारादरीत त्यांनी बिऱ्हाड केले. तेथून लेणी काही कोसांवर, घाट उतरून, वाघोरा नदीच्या वळणावर आहेत. वाटेत दाट रान होते आणि रानात वाघ होते. लेण्यांच्या कपारींत आग्या मोहोळे लोंबत असत. पावसाळ्यात नदी फुगली की वाट बंद होई आणि पावसाळा संपला की हिवतापाची साथ येई. तैलरंग आणि कॅनव्हास अजिंठ्याच्या बाजारात मिळणारे नव्हते. ते दूरवरून येईपर्यंत काम खोळंबून राही.

गिल यांच्यापुढे काय होते हे नीट कळावे म्हणून मूळ चित्रकारांची रीतही येथे सांगितली पाहिजे. लेणी कोरून झाल्यावर भिंतीचा पृष्ठभाग टाक्यांनी मुद्दाम खडबडीत ठेवीत, म्हणजे गिलावा धरून राही. मग मातीत बारीक खडीची भुकटी, भाताचा तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू मिसळून गिलावा करीत आणि तो भिंतीवर थापीत. त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवीत. या पांढऱ्या पृष्ठभागावर लाल गेरूने प्रथम रेषा काढली जाई. त्यानंतर रंग भरले जात. पिवळी आणि तांबडी माती, हिरवी माती, काजळी, चुना हे रंग जवळपासचे. निळ्यासाठी मात्र लाजवर्द हा मौल्यवान दगड परदेशातून यावा लागे. रंग सरसात कालवून सुकलेल्या गिलाव्यावर लावीत. शेवटी गडद रंगाने पुन्हा एकदा रेषा घेतली जाई, आणि नाक, ओठ, हनुवटी अशा उंचवट्यांवर उजळ रंगाचा हलका स्पर्श दिला जाई. म्हणून तेथील चेहरे अंधारातही पुढे आल्यासारखे वाटतात. चित्राची सुरुवात रेषेने आणि शेवटही रेषेने, हा अजिंठ्याचा नियम होय.

गिल यांनी या भिंतींसमोर बसून काय केले? पहिली गोष्ट म्हणजे ते उजेडाची वाट पाहायला शिकले. अजिंठ्याची लेणी नालाच्या आकाराच्या कड्यात कोरलेली आहेत, त्यामुळे प्रत्येक लेण्याचे तोंड वेगळ्या दिशेला आहे आणि प्रत्येकात सूर्यप्रकाश शिरण्याची वेळही वेगळी आहे. दर्शनी भिंतीवर उजेड असतो तेव्हा आतल्या मंडपात काळोख असतो. एखाद्या चेहऱ्यावर दिवसातून थोडाच वेळ उजेड टिकतो. मशाल लावावी तर तिच्या पिवळ्या प्रकाशात रंग बदलतात आणि काजळी चित्रावर बसते. अशा ठिकाणी चित्रकाराला घाई करून चालत नाही. ज्या वेळी उजेड येतो त्या वेळी तयार असणे आणि तो सरकला की हात थांबविणे एवढेच त्याच्या हाती असते. जी गोष्ट दिसत नाही ती अंदाजाने भरावयाची नाही, हा नकलेचा पहिला धर्म आहे.

दुसरी गोष्ट मापाची. मूळ आकाराची नकल म्हणजे भिंतीवरील बोट जेवढे, तेवढेच कॅनव्हासवर. येथे लहान कागदावरची सफाई कामास येत नाही. लहान चित्रात मनगट फिरते, मोठ्या चित्रात सगळा हात खांद्यापासून फिरावा लागतो. एक लांब, वळत जाणारी रेषा, उदाहरणार्थ पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या भुवईची किंवा झुकलेल्या खांद्याची, मध्येच थांबली की तिचा जीव जातो. म्हणून आधी मोठ्या आकृत्यांच्या जागा ठरवावयाच्या, मग त्यांच्यामधील मोकळ्या जागांचे आकार ताडून पाहावयाचे आणि तपशिलांकडे अगदी शेवटी यावयाचे, असा क्रम ठेवावा लागतो. अजिंठ्याच्या भिंतींवर हे आणखी अवघड होते, कारण तेथे प्रसंगांमध्ये चौकटी नाहीत. राजवाड्यातून रान, रानातून नगर, असे एक दृश्य दुसऱ्यात मिसळत जाते. कोणता प्रसंग कोठे संपला हे कळण्यासाठी त्या भिंतीची ओळख व्हावी लागते, आणि ती ओळख एका भेटीत होत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. नेमणुकीपासून १८६३ पर्यंत, म्हणजे सुमारे एकोणीस वर्षांत, गिल यांनी साधारण तीस मोठी तैलचित्रे पूर्ण करून लंडनला पाठविली. हिशेब केला तर वर्षाला दोन चित्रेही भरत नाहीत. आमची मुले एका तासिकेत दोन चित्रे पूर्ण करून टेबलावर आणून ठेवतात आणि तिसरा कागद मागतात. त्यांच्या उत्साहाचे आम्हांस कौतुकच आहे. तरीही एका भिंतीसमोर सहा-सहा महिने बसणाऱ्या या माणसाचा हिशेब त्यांना कधीतरी सांगावासा वाटतो.

गिल यांच्या रीतीतील उणेही सांगितले पाहिजे, कारण चरित्र म्हणजे आरती नव्हे. अजिंठ्याचे मूळ रंग मातीचे, निस्तेज आणि कोरडे आहेत. त्यांना चकाकी नाही. गिल यांनी वापरलेले तैलरंग त्या काळच्या युरोपीय पद्धतीचे, दाट आणि चकाकणारे होते. जे चित्र रेषेवर उभे होते ते तैलरंगात छायाप्रकाशावर उभे राहू लागते. हा दोष एकट्या गिल यांचा नव्हता. त्यांनी जे शिक्षण घेतले होते त्याचाच तो परिणाम होता. डोळा अजिंठ्याकडे पाहत होता, पण हात लंडनचा होता. ज्याला दुसऱ्याचे चित्र उतरवावयाचे आहे त्याला आपल्या हाताची सवय किती आड येते, याचे हे मोठे उदाहरण आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही लपवू इच्छित नाही. गिल यांना शिकारीचा मोठा नाद होता आणि त्यांनी त्या रानात अनेक वाघ मारले. ज्या भिंतींवर षड्दंत हत्तीची आणि हंसांची करुणकथा रंगविलेली आहे, त्याच भिंतींसमोर दिवसभर बसणारा माणूस सायंकाळी बंदूक घेऊन रानात जात असे. बुद्धांची करुणा त्याच्या डोळ्यांपर्यंत आणि हातांपर्यंत पोहोचली, सर्व आचरणापर्यंत पोहोचली नाही. केवळ चित्र काढल्याने माणूस चित्राएवढा होत नाही, हे आपणही ध्यानात ठेवावे. शिवाय ही सारी धडपड परक्या सत्तेच्या पदरी चालली होती. नकला लंडनला जाण्यासाठी होत्या. अजिंठा गावातील शेतकऱ्याला त्या दाखविण्याची कल्पना कोणाच्याही मनात नव्हती.

गिल यांच्या खाजगी जीवनाचा एक धागा मात्र अजिंठ्याच्या मातीत कायमचा गुंतलेला आहे. त्यांच्या लग्नाचे कुटुंब पुढे त्यांच्यापासून दूर इंग्लंडात राहिले. अजिंठ्यात त्यांच्या सोबतीला पारो नावाची एक स्थानिक स्त्री होती. तिच्याविषयी त्या परिसरात अनेक कथा सांगितल्या जातात. कविवर्य ना. धों. महानोर यांनी या दोघांवर अजिंठा नावाचे दीर्घकाव्य लिहिले आणि पुढे त्यावर चित्रपटही निघाला. आम्ही येथे केवळ दगडावर उरलेल्या गोष्टीपुरते बोलतो. अजिंठा गावात पारोची समाधी आहे. तिच्यावर २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख कोरलेली आहे आणि ती उभारणाऱ्या गिल यांचे प्रेमही त्यात नोंदलेले आहे. त्या काळी एका गोऱ्या अधिकाऱ्याने गावातील स्त्रीशी असलेले आपले नाते दगडावर उघडपणे लिहावे, ही गोष्ट साधी नव्हे.

त्याच वर्षी, १८५६ मध्ये, गिल यांच्या हाती छायाचित्रणाचा कॅमेरा आला. त्या वेळची रीत मोठी कष्टाची होती. काचेवर रसायनाचा थर द्यावयाचा, तो ओला असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि वाळण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन ते धुवावयाचे. गिल या कामातही तरबेज झाले. अजिंठा, वेरूळ, लोणार अशा अनेक ठिकाणची छायाचित्रे त्यांनी घेतली. १८६४ साली फर्ग्युसन यांनी भारतातील लेण्यांवर जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात गिल यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे होती. कॅमेरा आल्यावर ब्रशाची गरज संपली असे कोणास वाटेल. परंतु त्या कॅमेऱ्याला रंग दिसत नव्हते आणि आतल्या मंडपातील काळोख त्याला पेलत नव्हता. लेण्यांचे खांब आणि कमानी काचेवर उतरल्या. भिंतीवरचे निळे कमळ मात्र माणसाच्या डोळ्यांनीच उतरवून घ्यावे लागले.

लंडनला गेलेली चित्रे सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या काच आणि लोखंडाच्या भव्य प्रदर्शनगृहात मांडण्यात आली होती. लोक येऊन ती पाहत. हिंदुस्थानात इतकी प्राचीन आणि इतकी श्रेष्ठ चित्रकला होती, हे अनेकांना त्या चित्रांमुळे प्रथमच कळले. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या इमारतीस आग लागली. तिचा एक मोठा भाग जळून गेला आणि त्यासोबत गिल यांची तेथे मांडलेली चित्रेही गेली. जी चार-पाच चित्रे प्रदर्शनात लावलेली नव्हती तेवढीच वाचली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. जळालेल्यांपैकी काहींची लहान कोरीव प्रतिरूपे आधीच, १८५६ च्या एका इंग्रजी पुस्तकात, छापली गेली होती. इतर चित्रांचे तेवढेही उरले नाही.

ही बातमी अजिंठ्यास पोहोचली तेव्हा गिल यांनी वयाची साठी ओलांडली होती. दोन दशकांचे श्रम एका रात्रीत राख झाले होते. आणि येथे त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट घडते. त्यांनी पुन्हा काम हाती घेतले. भिंती त्याच होत्या, पण आता अधिक झिजलेल्या होत्या. वीस वर्षांपूर्वी जो हात किंवा जे फूल स्पष्ट दिसत असे, तेथे काही ठिकाणी आता नुसता गिलावा उरला होता. डोळेही पूर्वीचे राहिले नव्हते. तरीही हा वृद्ध मनुष्य त्याच घाटातून उतरून त्याच काळोखात जाऊन बसू लागला. हे काम आजारपण येईपर्यंत चालू राहिले. १८७९ च्या एप्रिलमध्ये, आजारी अवस्थेत भुसावळकडे नेत असताना, त्यांचा अंत झाला आणि भुसावळ येथेच त्यांना मूठमाती मिळाली.

भगवंतांनी सर्व संस्कार अनित्य असल्याचे सांगितले. आपण ते रोज वंदनेच्या वेळी ऐकतो. अनित्यतेचे नाव घेऊन हात बांधून बसणे सोपे आहे. सगळे नष्टच व्हावयाचे आहे, तर करावयाचे कशाला, असा आळशी अर्थ कोणीही काढू शकतो. पण भगवंतांच्या अखेरच्या उपदेशात अनित्यतेला जोडूनच अप्रमादाची, म्हणजे गाफील न राहता झटण्याची, शिकवण आहे. गिल बौद्ध नव्हते आणि त्यांना हा उपदेश ठाऊक होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु जळालेल्या चित्रांच्या बातमीनंतर पुन्हा ब्रश उचलणाऱ्या त्या हातात आम्हांस अप्रमादाचा अर्थ दिसतो.

गिल यांच्या हयातीतच हे काम दुसऱ्यांनीही हाती घेतले. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हंगामामागून हंगाम अजिंठ्याला जाऊ लागले. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार होते. आता अजिंठ्याची नकल करणारा हात या देशातील मुलांचा झाला होता. सुमारे तीनशे नकला तयार झाल्या. परंतु रंग उठून दिसावेत म्हणून त्यांनी मूळ भिंतींवर व्हार्निश लावले. ते पुढे पिवळे पडले आणि चित्रांना अपाय झाला. नकल वाचविताना मूळ दुखावले गेले. आणि १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात पुन्हा आग लागून यांतीलही बऱ्याच नकला नष्ट झाल्या. जे वाचले त्यावर ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला.

या नकलांनी समाधान न झाल्याने लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या विदुषी १९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे अजिंठ्यास आल्या. त्यांना साहाय्य करण्यास कलकत्त्याहून काही तरुण चित्रकार आले होते. त्यांत नंदलाल बोस हे एक होते. गिल यांचा हात तैलरंगाचा होता, नंदलालांनी मात्र अजिंठ्याची रेषा आपल्या हातात मुरवून घेतली. त्या तरुणाने लेण्यांच्या काळोखात जे शिकून घेतले ते चाळीस वर्षांनी एका अद्वितीय ठिकाणी प्रकट झाले. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या भारतीय संविधानाची हस्तलिखित प्रत सजविण्याचे काम नंदलाल बोस आणि त्यांचे विद्यार्थी यांच्याकडे आले. त्या प्रतीच्या पानांवर भगवान बुद्धांच्या जीवनातील प्रसंगाचेही चित्र आहे. अजिंठ्याच्या भिंतीपासून संविधानाच्या पानापर्यंत गेलेली ही रेषा आहे. ती मध्येच तुटू नये म्हणून अनेकांनी भिंतीसमोर बसून कष्ट घेतले, आणि त्यांतील पहिला माणूस भुसावळात विसावलेला आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या मनास स्पर्श करून जाते. गिल अजिंठ्यात राहिले त्या काळी भोवतालच्या गावांत स्वतःला बौद्ध म्हणविणारा कोणी नव्हता. भिंतीवरील राजपुत्र कोण, त्याच्यासमोर बालकाला घेऊन उभी असलेली स्त्री कोण, हे गावकऱ्यांना सांगता येत नव्हते. पारोच्या समाधीवरील वर्षानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ च्या ऑक्टोबरात, नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी लक्षावधी लोकांना धम्माची दीक्षा दिली. यवतमाळ जिल्ह्यातूनही माणसे तेथे गेली होती. आज आमची मुले सतराव्या लेण्यात शिरतात तेव्हा ती यशोधरेला आणि राहुलला नावाने ओळखतात. ज्या चित्रांचा वारस तेव्हा कोणी दिसत नव्हता, त्यांचे वारस आता बाभुळगावच्या वसतिगृहात राहतात. वारसा मिळाला की त्याची काळजी घेण्याची जबाबदारीही येते.

म्हणून यंदापासून आम्ही आपल्या चित्रकलेच्या तासिकेत काही साधे नियम केले आहेत. चौकटी आणि ट्रेसिंग चालू राहतील, पण आठवड्यातून एकदा समोर प्रत्यक्ष वस्तू असेल. मूर्ती, मडके, बाभळीची फांदी, काहीही. पहिली दहा मिनिटे पेन्सिल उचलावयाची नाही, फक्त पाहावयाचे. नंतर आधी सर्वांत मोठा आकार आणि त्याच्याभोवतीची मोकळी जागा काढावयाची, डोळे व बोटे शेवटी. रेषा मनगटाने न काढता खांद्यापासून हात फिरवून काढावयाची. खोडरबर अर्धा तास बाजूला राहील, म्हणजे चुकलेली रेषाही दिसत राहील आणि तिच्या शेजारी बरोबर रेषा काढता येईल. जे दिसत नाही ते अंदाजाने भरावयाचे नाही. तीच वस्तू त्याच वेळी, त्याच खिडकीच्या उजेडात, सलग चार आठवडे काढावयाची. चौथ्या आठवड्यात कागद झाकून ती स्मरणाने काढावयाची. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना याचा लाभ होईलच, पण आमचा हेतू तेवढाच नाही. मन एका ठिकाणी स्थिर ठेवून समोरची गोष्ट आहे तशी पाहणे, यालाच आपल्या परंपरेत सम्यक् स्मृती म्हटले आहे. चित्रकलेचा तास हा तिचा एक लहानसा अभ्यास होऊ शकतो.

एखाद्या दिवशी पाणी सांडून किंवा वारा येऊन चार आठवड्यांचे चित्र खराब होईल. मूल रडवेले होऊन आमच्याकडे येईल. त्याला आम्ही फार काही सांगणार नाही. नवा कागद देऊ, त्याच खिडकीशी त्याची जागा राखून ठेवू आणि पुढच्या सहलीत गाडी भुसावळला थांबली की त्याला फलाटावर उतरवून गावाच्या दिशेने बोट दाखवू.